संवाद न लिहिता सीन कसा शूट करावा

२००५ च्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवापासून, म्हणजे अमेरिकेतल्या ऑस्टिनहून, 'मम्बलकोअर' हे सिनेमाच्या एका शैलीचं नाव पसरलं. मोजकी माणसं, खऱ्या खोल्या आणि बरेचदा नटांनी जागेवर घडवलेलं बोलणं. अशा सीनमध्ये वाक्यं मोकळी सोडता येतात, चौकट नाही.

चौकट एका पानात मावते: कोणाला काय हवंय, कोण काय लपवतंय, कोणती माहिती बाहेर यायलाच हवी. लपवायची गोष्ट जिची तिलाच सांगा. घरभाड्यावरून बोलणाऱ्या दोघी रूममेटपैकी एकीने दुसरी खोली बघून ठेवली असेल, तर दुसरीला ते कळू देऊ नका; तिचं चाचपडणं खरं येतं. शेवटचं वाक्य मात्र ठरवून द्या. नाहीतर सीन संपवायला नट हमखास भांडण उकरून काढतात.

दोघी एकमेकींचं बोलणं तोडणारच. एकाच कॅमेऱ्याने पाळीपाळीने क्लोजअप घेतलेत तर दर टेकला वाक्यं बदलतात आणि एडिटला काही जुळत नाही. दोघींना जोडणारी एक रेषा मनात धरा आणि दोन कॅमेरे तिच्या एकाच बाजूला लावा; एकच असेल तर दोघींना एका फ्रेममध्ये बसवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद. ते चुकलं की ट्यूब आणि स्वस्त एलईडी फडफडताना दिसतात.

पैसे लाइटमध्ये वाचवा, साउंडमध्ये अजिबात नको. पुटपुटलेलं, अर्धवट तोडलेलं वाक्य डबिंगला त्या लयीत परत येत नाही. प्रत्येकीला लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, वेगळ्या ट्रॅकवर, शिवाय वरून बूम, म्हणजे काठीवरचा माइक. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे अचानक कोणी ओरडलं तरी आवाज फाटत नाही. कपडे सुती असू द्या, नायलॉनची खसखस लेपल पकडतो. पंखा बंद, फ्रिज बंद. गाडीची चावी फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं राहत नाही. उठण्याआधी मिनिटभर रूम टोन, म्हणजे कोणी न बोलता नुसत्या खोलीचा आवाज, घ्या.

पहिला टेक लांबला तरी कट म्हणू नका. त्यात जे जिवंत वाटलं ते दोन-तीन वाक्यांत सांगा आणि पुन्हा घ्या. काही टेकनंतर जमलेली वाक्यं पाठ केल्यासारखी येऊ लागतात, तेव्हा एकीलाच बाजूला घेऊन सांगा, "या वेळी तिला हो म्हणू नकोस."

त्याच रात्री फुटेज ऐकून प्रत्येक टेकमधली चांगली वाक्यं टाइमकोडसकट, म्हणजे फुटेजमधल्या नेमक्या वेळेसकट, लिहून काढा. एडिटरला ताडून बघायला दुसरी स्क्रिप्टच नसते.