चोच मिटलेला तांबट

तांबट ओरडताना चोच उघडत नाही. गळा फुगतो, आत जातो, पुन्हा फुगतो, आणि 'टुक टुक' असा तांब्याच्या भांड्यावर ठोके पडल्यासारखा आवाज येतो. चिपळूणच्या आमच्या घराच्या आवारात उंबर आहे. त्यावर तांबट उन्हाळाभर ओरडायचा, म्हणून हे मला ठाऊक होतं. १९९८ मध्ये मुंबईला बहिणीकडे गेले असताना एका चित्रप्रदर्शनात जलरंगातला एक लहानसा तांबट पाहिला. चोच मिटलेली, गळ्याचा पिवळा भाग टम्म फुगलेला. हे चित्र काढणारा माणूस झाडाखाली बसलेला आहे, हे तिथेच कळलं. पोस्टातल्या पगारात अडीच हजार एकदम देणं जमत नव्हतं. चित्रकाराने तीन हप्ते मान्य केले. आज माझ्याकडे त्याच चित्रकाराची अकरा कामं आहेत, चार मूळ आणि सात प्रिंट. वन्यजीवांची चित्रं आणि प्रिंट जमवायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिलं काम पैशाचं नाही, नजरेचं. ज्या प्राण्याचं चित्र घ्यायचं, तो आधी स्वतः पाहा. महाधनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. नराचा डोळा लाल, मादीचा पांढरट. बाहेर बसून भरवणाऱ्या पक्ष्याला पांढरा डोळा दिलेलं एक मोठं तैलचित्र मी पाहिलं आहे. रंगकाम देखणं होतं, पण मी ते घेतलं नाही. हरियालाचे पाय पिवळे हवेत. लाल दिसले, तर चित्रकाराने दुसऱ्याच जातीच्या हिरव्या कबुतराचा फोटो समोर ठेवला असणार. वाघाच्या बाबतीत तर जास्तच जपा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. ताडोबाच्या एखाद्या गाजलेल्या वाघिणीचा कुणी काढलेला फोटो जसाच्या तसा रंगवला असेल, तर जाणकार पट्ट्यांवरून ओळखतात. फोटोचा हक्क छायाचित्रकाराचा असतो, त्यामुळे अशा चित्रात वादही सोबत घरी येतो. म्हणून चित्रकाराला विनासंकोच विचारा, 'जागेवर केलेली रेखाटनं दाखवता का?' ज्याने जंगलात बसून काम केलंय, तो आनंदाने वही काढतो. माझी दोन मूळ चित्रं म्हणजे अशा वहीतलीच पेन्सिलची पानं आहेत. रंगीत चित्रांपेक्षा ती खूप स्वस्तात मिळाली, आणि माझा सगळ्यात जास्त जीव त्यांच्यावर आहे.

आता प्रिंट. प्रिंट म्हणजे काहीतरी दुय्यम, असं मानू नका. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. आमच्या आजोळीही त्यातली एक होती. फरक एवढाच, की त्या हव्या तितक्या छापल्या जात आणि मर्यादित आवृत्तीत छपाई ठरलेल्या आकड्यावर थांबते. कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने ३७/१५० असं लिहिलेलं असतं. म्हणजे दीडशेपैकी सदतिसावी प्रत. शेजारी चित्रकाराची सही. 'एपी' असेल तर ती चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. हाताने छापलेल्या ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडून काढलेल्या चित्राच्या छपाईत, पत्रा झिजत जातो, म्हणून तिथे सुरुवातीच्या प्रती जास्त ठसठशीत. संगणकावरून शाईच्या फवाऱ्याने छापलेल्या प्रिंटमध्ये मात्र पहिली आणि शंभरावी सारखीच. तिथे लहान आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. ऑफसेटच्या, म्हणजे कॅलेंडरं-मासिकं छापतात तशा छपाईत रंगांचे ठिपके लहान लहान फुलांसारख्या नक्षीत दिसतात. शाईच्या फवाऱ्यात नक्षी नसते, बारीक विखुरलेले कण असतात. मूळ जलरंगात रंग कागदाच्या खळग्यांत साचलेला दिसतो, खाली कुठेतरी पेन्सिलीची रेघ सापडते. कॅनव्हासवर मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ते मूळ म्हणून विकलं जातं. तिरपा उजेड पाडा. फटकारे पिसांच्या दिशेने न जाता भलतीकडेच जात असतील, तर ती छपाई आहे.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: एकूण प्रती किती, एपी किती, आणि हेच चित्र दुसऱ्या मापात पुन्हा छापलं आहे का. तिसऱ्या प्रश्नाला लोक बगल देतात. अमेरिका-कॅनडात १९८० च्या दशकात वन्यजीव चित्रांच्या सही केलेल्या ऑफसेट प्रिंटची मोठी लाट आली होती. हजारोंच्या आवृत्त्या निघाल्या आणि पुढे त्यांचे भाव कोसळले. तेव्हा गुंतवणूक म्हणून घेणार असाल, तर माझा सल्ला आहे की घेऊ नका. पण प्रिंटमध्ये ताकद असते, हेही खरं. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड शेफर्ड यांनी १९७३ मध्ये 'टायगर फायर' या चित्राच्या प्रिंट विकून भारतातल्या वाघांच्या संरक्षणासाठी एक लाखाहून अधिक पौंड उभे केले. त्याच वर्षी आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

पावती आणि प्रमाणपत्र एकाच लिफाफ्यात ठेवा. त्यावर चित्राचं नाव, माप, माध्यम, साल, प्रतीचा आकडा हवा. चित्र विकत घेतलं म्हणून त्याचं कॅलेंडर छापायचा हक्क मिळत नाही. तो चित्रकाराकडेच राहतो. आणि मूळ चित्र पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला विकलं, तर त्यात चित्रकाराचा वाटा असतो, अशी तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्यात आहे. फार थोड्यांना माहीत असते ही गोष्ट. शंभर वर्षांहून जुनं चित्र असेल तर ते पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. हस्तिदंताच्या पातळ पट्टीवर रंगवलेलं काही कुणी दाखवलं, तर हातही लावू नका.

सर्वांत जास्त चुका फ्रेमच्या दुकानात होतात. माझी एक प्रिंट फ्रेमवाल्याने सगळीकडून गोंद लावून हार्डबोर्डवर चिकटवली. पावसाळ्यात कागद फुगला, त्याला सरकायला जागा नव्हती, आणि मधोमध फोड आले. ते आजही आहेत. कागद फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने टांगायचा. बाकी मोकळा. पॅकिंगची टेप तर मुळीच नको, तिचा पिवळा डाग जात नाही. मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा सांगा, कारण साधं प्लायवूड कागदाला टेकलं की काही वर्षांत कागद तपकिरी पडतो.

आणि माउंट. कागद आणि काच यांच्यात अंतर ठेवणारी ती जाड पुठ्ठ्याची चौकट. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या खालच्या मजल्यावर शिरलं. तांबट जिन्यात वर होता, तो वाचला. खाली चार प्रिंट होत्या. दोन माउंटविना होत्या, त्या काचेलाच चिकटून वाळल्या आणि सोडवताना शाई काचेबरोबर गेली. माउंट असलेल्या दोन मी ओल्या असतानाच फ्रेममधून काढल्या, स्वच्छ पाण्यात अलगद धुतल्या आणि टीपकागद बदलत बदलत सपाट वाळवल्या. गढूळ पाण्याची एक पुसट रेघ राहिली आहे, पण त्यातला रानगवा शाबूत आहे.

जिची दुसरी बाजू घराबाहेर आहे अशा भिंतीवर चित्र लावू नका, तिला ओल येते. देवघराशेजारीही नको, निरांजनाची काजळी काचेच्या फटीतून आत जाते. ऊन थेट पडणारी जागा जलरंगाचा जीव घेते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. मी दसऱ्याच्या आवराआवरीत प्रत्येक फ्रेम उतरवते, मागून कसर लागलीय का पाहते, काचेआड बुरशीचा पांढुरका ठिपका दिसला तर त्याच आठवड्यात फ्रेम उघडते. यंदा शेकरूच्या शेपटीजवळ एक सापडला. वेळेत सापडला.