टमाट्याचा गर बाटलीत भरून वर्षभर कसा ठेवावा

टमाट्याचा भाव पडला की कॅरेटच्या कॅरेट घरी येऊन पडतात. त्याचा गर उष्णता देऊन हवाबंद केला तर फ्रिज न अडवता वर्षभर टिकतो. मात्र किती वेळ उकळलं याइतकाच आंबटपणाही महत्त्वाचा, आणि नेमकं तेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

उकळत्या पाण्यात बुरशी आणि बहुतेक जिवाणू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू तग धरतात. हवा नसलेल्या बाटलीत ते वाढले तर जीवघेणं विष तयार होतं. सामू (pH) म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. तो ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर ते बीजाणू वाढत नाहीत. टमाट्याचा सामू या रेषेच्या अगदी जवळ असतो, म्हणून सायट्रिक ॲसिड घालायचंच. गावरान टमाटा आंबट लागतो म्हणून ते टाळू नका. सामू जिभेला कळत नाही.

टणक, न सडलेले, लालबुंद टमाटे घ्या. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, गार पाण्यात टाका, साल काढा. चिरून, ठेचून गर सतत ढवळत उकळा. उकळी आल्यावर आणखी ५ मिनिटं ठेवा. कांदा, लसूण, तेल काहीही घालू नका, त्याने आंबटपणाचं गणित बिघडतं. फोडणी वापरायच्या वेळी द्या.

अर्ध्या लिटरच्या जाड काचेच्या बरण्या धुऊन गरम ठेवा. झाकणं मात्र नवीच घ्या, जुन्या झाकणाचं रबर एकदा दाबलं गेलं की पुन्हा नीट बसत नाही. दर बरणीत पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड टाका आणि वर सव्वा सेंटिमीटर जागा सोडून उकळता गर भरा. सुरी फिरवून बुडबुडे काढा, काठ पुसा, झाकण लावा.

मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडकं घालून बरण्या ठेवा. पाणी झाकणांच्या वर इंचभर हवं. खळखळ उकळी आल्यावर घड्याळ लावा. समुद्रकाठी ३५ मिनिटं पुरतात. छत्रपती संभाजीनगर, बीड, लातूर ५०० मीटरच्या वर, तिथं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. म्हणून ४० मिनिटं. नांदेड थोडं सखल आहे, तरी तिथंही ४०च धरा.

गॅस बंद करून ५ मिनिटांनी बरण्या बाहेर काढा. थंड शहाबादीवर ठेवल्या तर तडकतील, फडक्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मधला भाग दाबून पाहा. टकटक हलला तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवा. बाकीच्यांवर तारीख लिहून त्या अंधाऱ्या, गार खोलीत ठेवा, पत्र्याखाली नको. आपल्याकडचा मे महिना तिथं काही टिकू देत नाही.

झाकण फुगलं, गर फसफसला तर चाखूनही बघू नका, फेकून द्या.

हीच रीत वरण, मटण, हुरडा किंवा तुरीच्या दाण्यांना लावू नका. ते आंबट नसतात, त्यांना दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापमान ठरावीक वेळ लागतं. कारखान्यात त्यासाठी रिटॉर्ट, म्हणजे दाबाखाली तापवणारं यंत्र असतं. घरच्या कुकरच्या शिट्ट्यांवर भरवसा ठेवू नये. हुरडा वाळवावा. सीताफळाचा गर तर तापवला की कडवटतो, तो गोठवलेलाच बरा.