डुकराचं मांस घरी कसं करावं: खरेदीपासून इंदियालपर्यंत

गेल्या जूनमध्ये मुरबाडकडून एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. "दादा, शेतात रानडुक्कर पडलंय. ताजं आहे. चार किलो पाठवतो, संध्याकाळपर्यंत वांद्र्याला पोचेल." मी नको म्हटलं. त्याला वाईट वाटलं. त्याने प्रेमानेच विचारलं होतं आणि रानडुकरांवरचा त्याचा रागही खोटा नव्हता. कळप एका रात्रीत शिरतो आणि सकाळी भुईमुगाचं वावर नांगरल्यासारखं दिसतं. तरीही माझं उत्तर नकोच होतं, आणि हा लेख तिथूनच सुरू करायला हवा. कारण डुकराचं मांस घरी करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ते कसं शिजवायचं हा नसतो, ते कुठून आणायचं हा असतो.

रानडुक्कर आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती परवानगी मारण्याची असते, खाण्याची नाही. मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता होतं. परवानगीशिवाय मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मांस नुसतं जवळ बाळगलं तरी गुन्हाच. म्हणून त्याला सांगितलं, आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, पंचनामा करून घे, पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते ती माग.

मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून आपली पोरं विचारतात, तिकडे चालतं मग इथे का नाही? तिकडची गोष्ट वेगळी आहे. डुक्कर अमेरिकेचा मूळ प्राणी नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं नेली, सुटलेली रानटी झाली, पुढे शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली. आज तिथे त्यांची संख्या लाखोंत आहे. टेक्सासमध्ये ती वर्षभर मारता येतात आणि २०१९ पासून जमीनमालकाची संमती असेल तर खासगी जमिनीवर परवानाही लागत नाही. आपलं रानडुक्कर मात्र इथलंच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही ते राहतं, बिबट्याचं आणि वाघाचं ते भक्ष्य आहे.

पण तिथले जाणते शिकारी मांस कसं हाताळतात ते शिकण्यासारखं आहे. पोट उघडताना रबरी हातमोजे घालतात, कारण रानटी डुकराच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार माणसाला होऊ शकतो. आतडं फुटू न देता बाहेर काढतात, जनावर लगेच थंड करतात आणि मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला जाईल असं शिजवतात. नुसतं गोठवून ते भागवत नाहीत, कारण रानटी जनावरांत सापडणाऱ्या ट्रिकिनेला या सूक्ष्म कृमीच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. आणि तिथेही शिकारीचं मांस विकता येत नाही. विकायचं असेल तर डुक्कर जिवंत पकडून तपासणी असलेल्या कत्तलखान्यातच न्यावं लागतं. मुरबाडहून एसटीने येणाऱ्या पिशवीतल्या मांसावर यातलं काहीच झालेलं नसतं.

तेव्हा पाळलेलं डुक्कर, तेही तपासणी झालेलं.

खरेदी

मुंबईत देवनारच्या पालिकेच्या कत्तलखान्यात डुकरांसाठी वेगळी सोय आहे. वांद्रे, कलिना, मरोळ, उत्तन, वसई अशा ख्रिस्ती वस्तीच्या भागांत पोर्कची दुकानं आहेत. दुकानदाराला सरळ विचारा, कुठे कापलं आणि कधी. चांगला खाटीक या प्रश्नाने चिडत नाही. सकाळी लवकर जा.

मांस फिकट गुलाबी ते लालसर असावं, चरबी पांढरीशुभ्र आणि घट्ट. बोटाने दाबलं की खळगा भरून यावा. पिवळट, चिकट किंवा खाली पाणी साचलेलं मांस सोडून द्या. सगळ्यात महत्त्वाची तपासणी कापलेल्या भागावर करायची. स्नायूंत भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके, पाण्याने भरलेले फोड दिसले तर ते पट्टकृमीचे कोष आहेत. असं मांस फोड काढून घेऊ नका, अख्खं नाकारा. माणसाची विष्ठा खाणाऱ्या मोकाट डुकरांत हे सापडतं, म्हणून रस्त्यावर फिरणाऱ्या डुकराचं मांस स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही. एक गैरसमज इथेच दूर करतो. डोक्यात 'डुकराचा किडा' जातो तो मांसातून नाही. ज्याच्या पोटात पट्टकृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी घाणेरड्या हातांतून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात गेली की ते होतं. कोबीला लोक उगाच घाबरत नाहीत, पण उपाय धुण्याचा आहे.

किती घ्यायचं? आमच्या गावठाणात लग्नाला अख्खं डुक्कर लागायचं. शंभर किलोच्या जनावरातून साधारण ७० ते ७५ किलो धड मिळतं, आणि हाडं, कातडी वगळली की त्याहून बरंच कमी. चार माणसांच्या घराला पाच-सहा किलोचा एक पुढचा फरा, म्हणजे खांद्याचा भाग, पुरे. इंदियालला, म्हणजे सिरका-लसणीच्या आंबट-तिखट कालवणाला, फऱ्यासारखं दुसरं मांस नाही, कारण त्यात चरबी आणि मांस थरांनी असतात. मागची मांडी सुकी पडते, ती रोस्टला ठेवा. सारपोतेल, म्हणजे मांस आणि आतल्या अवयवांचं कालवण, करायचं असेल तर काळीज, हृदय आणि जीभही मागून घ्या. "कातडी ठेवा, हाड मी सोडवीन," असं सांगा.

घरापर्यंत आणताना थर्माकोलचा डबा आणि बर्फ न्या. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात कच्चं मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. पिशवी नीट बांधा. लिफ्टमध्ये शेजारी भेटतात, त्यांच्यातले कित्येक हे खात नाहीत. त्यांच्या मनाला लागू नये एवढी काळजी आपण घ्यावी. घरी कापायची वेगळी पाटी आणि वेगळं पातेलं ठेवलं की पाहुण्यांनाही निर्धास्तपणे वाढता येतं.

कापणं

फरा पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवायचा नाही, फक्त घट्ट करायचा. मऊ चरबीवर सुरी घसरते आणि हात कापतो. तोवर दोन सुऱ्या परजा, एक पातळ, टोकदार, हाड सोडवण्यासाठी आणि एक जड. हाड तोडायचं असेल तर ते काम सत्तुराचं, आणि ते खाटकाकडूनच करून घेतलेलं बरं, कारण घरच्या सत्तुराने हाडाचा भुगा मांसात जातो.

कातडीवर केस राहिले असतील तर चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर जाळा, सुरीच्या पाठीने खरवडा आणि कोमट पाण्याने पुसा. मग तुकडा घमेल्यात एकदाच धुऊन फडक्याने कोरडा करा. नळाखाली धरू नका, पाणी ओट्यावर उडतं.

आता खांद्याचं चपटं हाड शोधायचं. ते हातपंख्यासारखं असतं, रुंद बाजू वर, निमुळती बाजू सांध्याकडे. बोटाने त्याची कड चाचपा. सुरीचं टोक हाडाला टेकवूनच ठेवा आणि आखूड, हलके हात मारत जा. पप्पा म्हणायचे, "हाडाला विचार कुठून जायचं ते." सुरी हाडाला सोडून मांसात शिरली की तुकडे फाटतात. वरच्या बाजूला पंख्याच्या मधोमध एक उभी धार असते, तिथे सगळे अडकतात. तिच्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सोडवा. सांध्यापाशी पोचलात की हाड जरा पिळा, सांधा उघडतो, शिरा कापा आणि हाड हातात येतं. मानेकडच्या चरबीत राखाडी-तपकिरी गाठी दिसल्या तर त्या ग्रंथी आहेत, काढून टाका.

इंदियालसाठी दीड इंचाचे तुकडे करा, प्रत्येकाला थोडी कातडी, थोडी चरबी, थोडं मांस. सारपोतेलचे तुकडे आधी उकडून मगच बारीक कापायचे, कच्चे कापले तर त्यांचा चेंदा होतो. उरलेली चरबी अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर वितळवा, गाळून काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. हाडांचा रस्सा भाजीला उत्तम.

लगेच करायचं नाही ते अर्ध्या अर्ध्या किलोच्या चपट्या पाकिटांत, तारीख लिहून, उणे १८ अंशांना ठेवा. मांस चार ते सहा महिने टिकतं, काळीज वगैरे महिना-दोन महिनेच. पावसाळ्यात वीज गेली तर फ्रीझर उघडू नका. भरलेला आणि बंद असेल तर साधारण दोन दिवस तग धरतो.

इंदियाल

हा शब्द पोर्तुगीजांच्या 'विन्या द आल्योश'चा नातेवाईक आहे, म्हणजे मूळ जोडी वाइनची किंवा सिरक्याची आणि लसणीची. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, घरांत त्याला आपला मसाला मिळाला. या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे लोक या बेटांवर मराठी बोलत शेती आणि मासेमारी करत होते.

एक किलो मांसाला पंधरा काश्मिरी मिरच्या, दीड चमचा जिरं, दहा मिरी, सहा लवंगा, दोन इंच दालचिनी, अर्धा चमचा हळद, पंधरा पाकळ्या लसूण आणि दोन इंच आलं. हे सगळं सिरक्यात वाटायचं, पाण्याचा थेंबही नाही. साधारण पाऊण वाटी सिरका लागतो. माडीचा मिळाला तर तोच घ्या, उसाचाही चालतो. बाटली मसाला, म्हणजे आमचा घरचा साठवणीचा मसाला, इथे घालायचा नाही, तो दुसऱ्या कालवणांचा.

मसाला आणि मीठ तुकड्यांना चोळून काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. ॲल्युमिनियम नको, सिरका त्याला खातो. दुसऱ्या दिवशी वितळवलेल्या चरबीत एक कांदा परता, मांस टाका, झाकण ठेवा आणि आच मंद करा. पहिली पंधरा मिनिटं मांस स्वतःच पाणी सोडतं. भांड्याला लागायला लागलं तरच गरम पाणी, तेही थोडं थोडं. तासाभराने कातडीत सुरीचं टोक सहज जायला हवं. नाही गेलं तर आणखी वीस मिनिटं. शेवटी चिमूटभर साखर. मांडीचा रोस्ट करत असाल तर मात्र अंदाजावर राहू नका, थर्मामीटर मधोमध खुपसून बघा. पाळीव डुकराचा अख्खा तुकडा आतून ६३ अंश झाला आणि तीन मिनिटं तसाच राहू दिला तर पुरे, खिमा असेल तर ७१.

त्याच दिवशी खाऊ नका. इंदियाल दुसऱ्या दिवशी उघडतं, सारपोतेल तर तिसऱ्या. आजीच्या वेळी ते मातीच्या भांड्यात दिवसेंदिवस बाहेरच राहायचं. सिरका, मीठ आणि वर साचलेला चरबीचा थर ते राखायचा, शिवाय रोज एक उकळी दिली जायची. आताच्या बाटलीतल्या सिरक्याच्या आंबटपणाचा भरवसा नसतो, तेव्हा ते फ्रीजमध्येच ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, आणि दर वेळी लागेल तेवढंच वेगळं काढून खदखदून गरम करा. वर गोठलेला लाल चरबीचा थर फेकू नका, दुसऱ्या दिवशीच्या अंड्याला तोच लावा. सोबत तांदळाची हातभाकरी.