मूड ओळखणारा मुकुट, मांजराचे कान आणि अंगठी: या चुका टाळा

पारिजातकाचं झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या. सांगलीत गॅदरिंगचा मोसम आला की हा प्रसंग कुठं ना कुठं होतोच. गेल्या डिसेंबरात त्यात आमचा मुकुट होता. सत्यभामा शांत असली की निळा, रागावली की लाल. दोन बोटांना पट्ट्या, त्यांवर घामाचा सेन्सर आणि मुकुटात दिव्यांची माळ. झालं असं, की पडदा उघडायच्या आधीच मुकुट लाल. कृष्ण आला, विनवण्या केल्या, तरी लाल. रुसवा गेला, पोरगी गोड हसली, तरी लालच. मागच्या रांगेतून आवाज आला, "किस्ना, पळ की लेका, राग गेला नाही अजून!"

माझं गावभागात पोशाख भाड्यानं द्यायचं दुकान आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला खेळ केला तो याच गावात, त्यामुळं इथला प्रेक्षक फजिती लगेच ओळखतो आणि वर्षभर आठवण करून देतो. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तारा त्याच्या, शिवण माझी. दोन वर्षांत आम्ही स्वतः केलेल्या आणि गिऱ्हाइकांनी दुकानात परत आणून दाखवलेल्या या चुका.

मूड नव्हे, घाम

सगळ्यात मोठी चूक वस्तू हातात घ्यायच्या आधीच होते. खोक्यावर लिहिलेलं असतं "तुमचा मूड ओळखतो" आणि आपण ते खरं मानतो. घामाच्या सेन्सरला मूडमधलं काही कळत नाही. मन खवळलं की तळहात आणि बोटांच्या घामग्रंथी जाग्या होतात, कातडी ओलसर होते, वीज थोडी सहज वाहते. एवढंच तो मोजतो. राग, भीती, आनंद, जिना धावत चढणं, सगळ्यांचं वाचन एकाच दिशेला जातं. आमच्या सत्यभामेला राग आलेला नव्हताच. तिला स्टेजची भीती वाटत होती आणि यंत्रानं ती इमानदारीत दाखवली.

म्हणून रंगांना "आनंद", "दुःख", "प्रेम" अशी नावं देऊ नका. एका टोकाला शांत, दुसऱ्या टोकाला खवळलेला, एवढंच ठेवा. मग प्रसंग असा निवडा की भीती आणि राग यांत फरक पडला नाही तरी चालेल. राक्षस, वेताळ, अंगात आलेली बाई, यांना हा सेन्सर छान बसतो. रुसून मग हसणाऱ्या सत्यभामेला नाही बसत.

दुसरी चूक माझीच. मुकुट कुठल्या आकड्याला लाल व्हावा ते आम्ही माझ्या हातावर ठरवलं. डिसेंबरची सकाळ, गच्चीवरची थंडी, भांडी घासून कोरडे पडलेले माझे हात. तोच आकडा संध्याकाळी घामेजलेल्या बारा वर्षांच्या मुलीला लावला. आता आम्ही ज्याच्या अंगावर चढवायचं त्यालाच दोन मिनिटं गप्प बसवतो, तेही मेकअप आणि पोशाख झाल्यावर, विंगेतच. ते वाचन शून्य धरायचं आणि त्यावर किती चढलं ते बघायचं.

तिसरी गोष्ट उशिराची. मनात काही झाल्यावर हाताला घाम यायला एक ते तीन सेकंद लागतात आणि वाचन खाली यायला त्याहून बराच वेळ. संवादाच्या ठेक्यावर रंग बदलेल ही आशा सोडा. दिवा दोन रंगांच्या मध्ये थरथरत असेल तर चढायची आणि उतरायची पातळी वेगळी ठेवा: सत्तरला लाल झाला तर निळा पन्नासच्या खाली गेल्यावरच. या एका दुरुस्तीनं आमचे अर्धे प्रश्न मिटले.

हातावर काय लावलंय तेही बघा. खोबरेल तेल, पावडर, मेकअपचा हात, सगळ्यांनी वाचन मंदावतं. बोटं साबणानं धुवा, पूर्ण कोरडी होऊ द्या आणि पट्टी घट्ट पण बोट पांढरं पडणार नाही इतपत बांधा. नाडी मोजणारा दिव्याचा सेन्सर असेल तर उलट काळजी: जास्त दाबला तर रक्तच पुढं सरकत नाही आणि नाडी सापडत नाही. थंडगार बोटांचंही तसंच. हात चोळून ऊब आणा.

कपाळाशी संबंध

मेंदूच्या लहरींवर हलणारे मांजराचे कान मिळतात ते मूळचे जपानचे. न्यूरोवेअरचे नेकोमिमी, २०१२ च्या सुमाराला बाजारात आले, आत न्यूरोस्कायची चिप. कपाळाला एक सेन्सर टेकतो आणि कानाच्या पाळीला चिमटा बसतो. लक्ष एकवटलं की कान उभे, निवांत झालात की पडलेले. पुण्या-मुंबईहून कुणीतरी मागवतं आणि चार दिवसांनी "काकू, हे बिघडलंय" म्हणून माझ्याकडं येतं. बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं.

मेंदूची लहर कपाळावर पोचेपर्यंत काही दशक मायक्रोव्होल्टच (व्होल्टचा दहा लाखावा भाग) उरते. हृदयाचा सिग्नल छातीवर मिलिव्होल्टमध्ये (व्होल्टचा हजारावा भाग) मिळतो, म्हणजे कितीतरी मोठा. इतकं बारीक काही ऐकायचं तर मध्ये कुंकू, गंध, पॅनकेक मेकअपचा थर किंवा पुढं आलेली बट असून कसं चालेल? सेन्सर टेकतो तेवढी जागा ओल्या फडक्यानं पुसा. थंडीत कातडी फार कोरडी असेल तर किंचित ओलसरच राहू द्या. चिमटा कुडीवर लावू नका, कुडी काढा. लहान मुलाच्या डोक्याला पट्टा सैल होतो आणि सेन्सर हवेत लोंबतो. मागच्या बाजूला फोमची घडी घाला.

बोलणं आणि चावणंही आड येतं. जबड्याचे आणि भुवयांचे स्नायू लहरींपेक्षा मोठा गोंगाट करतात. एक पोरगा कान लावून भडंग खात दुकानात आला होता. कान एकसारखे फडफडत होते आणि आई कौतुकानं सांगत होती, "बघा, किती खूश आहे!" ते सगळं श्रेय दाढांचं. म्हणजे संवाद म्हणायच्या भूमिकेला हे कान द्यायचे नाहीत. मूकनाट्यात किंवा गर्दीतून नुसतं फिरायला ठीक.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचाही गुणगुणाट शिरतो. स्टेजच्या डिमरपाशी, हॅलोजनच्या वायरीपाशी उभं राहून चाचणी घेऊ नका.

अंगठीचं काय

मूड रिंगची लाट अमेरिकेत १९७५ साली आली आणि कुठल्या ना कुठल्या जत्रेत ती अजून दिसते. आत द्रवस्फटिक असतात. त्यांचा रंग बोटाच्या तापमानानं बदलतो: गार बोटाला काळपट-तपकिरी, मग पिवळसर हिरवा, उबेला निळा-जांभळा. बहुतेक अंगठ्या २८ अंशांच्या आसपास हिरव्या दिसतील अशा बनवतात. आता एप्रिल-मेची सांगली आठवा. पारा चाळिशीला टेकतो, अख्खं गाव "निळं" म्हणजे अंगठीच्या कागदाप्रमाणं आनंदी! ही चूक दुरुस्त होत नाही. दुपारी त्या अंगठीवर विश्वास ठेवू नका, बस. धुणीभांडी करताना काढून ठेवा, कारण पाणी आत शिरलं की ती काळी पडते आणि काळीच राहते.

तारा आणि कपड्यावरची जर

इथं सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वाचन कायम शून्य किंवा कचरा दाखवतंय आणि बोर्ड (सेन्सर वाचून दिवे चालवणारा छोटा संगणक) ईएसपी३२ आहे? वायफाय चालू असेल तर त्याच्या एडीसी-दोन या गटातल्या, वाचन घेणाऱ्या पिना काम करत नाहीत. सेन्सरची तार ३२ ते ३९ यांपैकी एका पिनेवर न्या. भाच्यानं यापायी दोन रात्री घालवल्या. तिसऱ्या रात्री "मावशी, सेन्सर भंगार निघाला" म्हणून नवा मागवायला निघाला होता.

पोशाखाला मोटरवर हलणारी शेपटी असेल आणि ती हलायला लागली की बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणजे मोटर त्याचा घास ओढतेय. छोटी एसजी९० सर्व्हो मोटरसुद्धा अडकली की अर्ध्या अँपिअरच्या वर खाते. तिला बॅटरीतून वेगळी तार द्या, पण दोन्हीकडची ऋण तार एकत्र जोडायला विसरू नका. ती न जोडल्यानंच दिवे मनाला येईल ते रंग दाखवतात.

पाच व्होल्टच्या रंगीत दिव्यांना बोर्डाचा ३.३ व्होल्टचा इशारा अपुरा पडतो. दुकानातून इशाऱ्याचे व्होल्ट चढवणारा लेव्हल शिफ्टर आणा, नाहीतर माळ थेट लिथियम बॅटरीवर चालवा. पूर्ण चार्ज बॅटरी ४.२ व्होल्ट देते, तिथं तोच इशारा पुरतो. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा साठ मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. तीस दिव्यांचा हिशेब स्वतः करा आणि उजेड पाव भागावर आणा. अंधाऱ्या सभागृहात तोही डोळ्यांत जातो. आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकायला लावू नका, कुणाला फिट येऊ शकते.

पॉवरबँक वापरता आणि निळा शांत मुकुट काही मिनिटांनी आपोआप विझतो? वीज फार कमी ओढली जातेय, म्हणून पॉवरबँकेला वाटतं चार्जिंग संपलं. साधी बॅटरी वापरा.

आता ही चूक कुठल्या पुस्तकात सापडायची नाही: जर. धातूच्या तारेची जर वीज नेते. शेल्याचा पदर उघड्या सोल्डरवर घासला आणि आमच्या एका मुकुटातून धूर निघाला. प्रत्येक जोडावर गरम केल्यावर आवळणारी श्रिंक ट्यूब चढवा, वर सुती अस्तर. बॅटरी डोक्यावर नकोच, कमरेच्या पट्ट्यात पिशवी करून ठेवा. फुगलेली बॅटरी कितीही चालत असली तरी बाद. अंगावर असताना चार्जिंगला लावायची नाही, "दोनच मिनिटं" असं म्हणूनसुद्धा नाही.

एवढं सगळं करूनही खेळाच्या वेळी काय होईल याची मी खात्री देत नाही. पण सत्यभामेचा मुकुट अजून भाड्यानं जातो. त्याच्या तारेला आता मुठीत मावेल असं एक काळं बटण जोडलंय: दाबलं की लाल, सोडलं की निळा, सेन्सर काहीही म्हणो. मुकुट न्यायला आलेल्या आईला मी आधी ते बटण दाखवते. सेन्सरच्या पट्ट्या कुठल्या बोटाला बांधायच्या ते नंतर, वेळ उरला तर.