‘विच सॅम्पल?’

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीत मी पत्रव्यवहाराच्या कामाला लागले, त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. परदेशातल्या एका नव्या खरेदीदाराला मी मेल लिहिला : ‘वी हॅव सेंट द सॅम्पल.’ त्याचा उलट मेल आला : ‘विच सॅम्पल?’ त्यानं नमुना मागितलाच नव्हता. आम्ही आपणहून राजापुरी हळदीचा एक नमुना पाठवला होता, म्हणजे तिथं ‘अ सॅम्पल’ हवं होतं. माझ्या ‘द’मुळे त्याला वाटलं, याबद्दल आधी बोलणं झालंय आणि तो मेल आपल्याकडून राहून गेलाय. बिचारा दोन दिवस जुने मेल धुंडाळत बसला.

‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या आर्टिकलचे नियम मला शाळेपासून तोंडपाठ. गाळलेल्या जागा बरोबर भरायचे, स्वतःचं वाक्य लिहिताना मात्र सगळं अंदाजपंचे. मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपलं चुकतं, असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. तो फरक आपण रोज करतो की! ‘मला डॉक्टर शोधायचाय’ म्हणजे कुणीही चालेल. ‘मला डॉक्टरांना शोधायचंय’ म्हणजे ठरलेले, समोरच्यालाही ठाऊक असलेले डॉक्टर. पहिला ‘अ डॉक्टर’, दुसरा ‘द डॉक्टर’. वस्तूंना हा ‘ला/ना’ प्रत्यय सहसा लागत नाही, म्हणून तिथं मी मनात ‘एक’ आणि ‘तो’ लावून बघते. ‘एक नमुना पाठवलाय’ की ‘तो नमुना पाठवलाय’? त्या दिवशी एवढं केलं असतं तरी भागलं असतं.

ही युक्ती एका ठिकाणी फसते, तिथं नवीन मुलांनी फार जपावं. आपण ‘एक सल्ला देतो’, ‘एक माहिती हवी होती’ असं सहज म्हणतो. इंग्रजीत ॲडव्हाइस आणि इन्फर्मेशन मोजत नाहीत, त्यामुळे ‘ॲन ॲडव्हाइस’ चूक, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ बरोबर. हळदीचंही तसंच. ‘वी सेल टर्मरिक’ म्हणताना आर्टिकल नको, पण त्यानं मागवलेल्या पोत्यांबद्दल बोलताना ‘द टर्मरिक यू ऑर्डर्ड’.

‘ॲन’ कानानं ठरवा, अक्षरानं नाही : ‘ॲन अवर’, ‘ॲन एमएलए’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. नावं मात्र पाठच करावी लागतात. नदी ‘द कृष्णा’, पण गाव नुसतं ‘सांगली’. मूल शिकायला जातं ते ‘टू स्कूल’, आई पालकसभेला जाते ती ‘टू द स्कूल’.

मेल पाठवण्याआधी मी अजूनही फक्त नामं वाचत जाते आणि प्रत्येकाला त्या खरेदीदाराचाच प्रश्न विचारते : कुठलं? वाचणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल, तरच ‘द’ ठेवते.