कंपनीचा खरा मालक कसा हुडकावा?

सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पण तीच माणसं कंपनीच्या संचालकाचं नाव वाचून हळदीचा ट्रक उधारीवर सोडतात. मी सांगलीत एका अडत पेढीचे हिशेब बघतो. नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्याची कुंडली माझ्या टेबलावर येते.

जीएसटी नंबर पोर्टलवर टाका. कायदेशीर नाव आणि धंद्याचा प्रकार कळतो. भागीदारी असेल तर करारनामा मागा. द्यायला आढेवेढे घेतले तर उधारी नाही.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कागद उघडा आणि वार्षिक विवरणासोबतची भागधारकांची यादी काढा. "संचालक कोण ते बघा, झालं" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. संचालक पगारी नोकरही असतो.

खरी गोम पुढं आहे. भागधारकांत दुसरी कंपनी दिसली की तिचीही यादी काढा, आणि हाडामांसाचा माणूस सापडेपर्यंत थांबू नका. टक्क्यांचा गुणाकार करा. गिऱ्हाइकाच्या कंपनीत मधल्या कंपनीचे ४० टक्के आणि तिच्यात एका माणसाचे ३० टक्के, म्हणजे त्याच्याकडं १२ टक्के. बँका १० टक्क्यांच्या वरच्या माणसाला लाभार्थी मालक, म्हणजे मागचा खरा मालक, धरतात. २०२३ पर्यंत कंपन्यांसाठी ही मर्यादा २५ होती. कंपनी कायद्याचं कलम ९० मात्र वेगळं बघतं. तिथंही आकडा १० चाच, पण मधल्या कंपनीत निम्म्याहून जास्त वाटा असेल तरच तो वाटा मोजला जातो. शिवाय स्वतःच्या नावावर थेट घेतलेल्या शेअर्सपुरता त्या कलमाचा जाहीरनामा लागतच नाही. म्हणून बीईएन-२, म्हणजे त्या कलमाखाली कंपनी खऱ्या मालकाचं नाव सरकारला कळवते तो फॉर्म, दिसला नाही तर "मागं कुणी नाही" असं समजू नका. मी समजलो होतो.

कुपवाडकडची एक कंपनी होती. भागधारक अकरा, प्रत्येकाचे नऊच्या आसपास टक्के, बहुतेक एकाच आडनावाचे. कुणीच दहाच्या वर नाही, म्हणून मी "मालकी विखुरलेली" असा शेरा मारून मोकळा झालो. कायद्यात "एकट्यानं किंवा मिळून" असे शब्द आहेत, ते वाचूनही डोक्यात शिरले नव्हते. पैसे अडकल्यावर बोजाचा फॉर्म, सीएचजी-१, उघडला. त्याला बँकेचा नजरगहाण करार जोडलेला होता. शेवटच्या पानावर जामीनदार म्हणून एकच सही, आणि ते नाव अकरांत नव्हतंच. संचालकाचे मामा. बँक उगाच कुणाचा जामीन घेत नाही. माझं स्पष्ट मत आहे, भागधारकांच्या यादीआधी जामीनदाराची सही बघा. मग ताळेबंदाच्या टिपांत बिनतारणी कर्ज कुणाचं आणि जागेचं भाडं कुणाला जातं, तेही बघा.

मामांकडं गेलो. चहा पाजला आणि म्हणाले, "मी त्या कंपनीत कुठं आहे? यादी बघा की." यादी माझ्या पिशवीतच होती.

आता जामीनदाराची सही पुरवठा करारावर झाल्याशिवाय आमचा काटा हलत नाही.