नवी सेडान लाँच व्हायच्या आधीच तिला मर्सिडीज-बीएमडब्ल्यूच्या शेजारी कशी उभी करायची

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या दाजींनी जाहीर केलं की जुनी सेडान काढायची आणि आता एकच शेवटची "चांगली" गाडी घ्यायची. दाजींचं चिंचवडला छोटं वर्कशॉप आहे, घरात ताई, दोन पोरं आणि अण्णा, म्हणजे दाजींचे वडील, वय ७८, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. बजेट साठ लाख, ताणलं तर सत्तर, ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून. शोरूमला मर्सिडीजची सी-क्लास, बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज, ऑडीची ए-फोर उभ्या होत्या आणि तिकडे टोयोटाची नवीन कॅमरी येणार येणार चाललेलं. थांबायचं की आत्ताच उचलायची? जी गाडी आलीच नाही तिची तुलना करायची तरी कशी?

तर करता येते. ऐंशी टक्के अभ्यास लाँचच्या आधीच होतो, आणि तोच शांतपणे होतो, कारण लाँचनंतर सगळं घर सनरूफ आणि स्क्रीनमध्ये अडकतं. आम्ही तेव्हा जे उद्योग केले ते क्रमाने लिहितो. उदाहरण कॅमरीचं आहे पण स्कोडाची पुढची सुपर्ब असो नाहीतर आणखी कुठली, रीत तीच.

पायरी १: गाडीच्या आधी माणसं लिहा

एका कागदावर कोण कुठं बसणार ते लिहायचं. गाडी स्वतः चालवणार का ड्रायव्हर, मागं रोज कोण, महिन्यातून किती वेळा पाच जण. दाजी रविवारीच चालवतात, बाकी दिवस ड्रायव्हर. म्हणजे अर्धा निकाल इथंच लागला होता, पण ते त्यांना सांगायला तीन महिने गेले.

पायरी २: ती गाडी जगात कुठंतरी आलेली असते, तिथं जाऊन बघा

आपल्याकडे "अपकमिंग" म्हणतात ती गाडी बहुतेक वेळा बाहेर आधीच विकली जात असते. ही नववी कॅमरी नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दाखवली आणि भारतात लाँच झाली ११ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे मधले तेरा महिने तिची लांबी, रुंदी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), इंजिन सगळं उघड्यावर पडलेलं होतं. लांबी ४९२० मिमी, व्हीलबेस २८२५, अडीच लिटरचं पेट्रोल हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर, आणि ताकद पुढच्या चाकांना. यातलं फारसं काही इथं येऊन बदलत नाही.

जे बदलतं ते फीचर्समध्ये, आणि इथंच लोक फसतात. अमेरिकेतली कॅमरी म्हणजे ऑफिसला स्वतः चालवत न्यायची गाडी, त्यामुळे तिकडच्या रिव्ह्यूत मागच्या सीटवर कोणी दोन मिनिटं पण बसत नाही. आपल्याकडे येते ती आशियातल्या बाजारासाठी बनवलेली, मागची सीट बटणावर झुकते, एसीची बटणं मधल्या आर्मरेस्टमध्ये. म्हणून व्हिडिओ बघायचे तर थायलंडचे बघा, भाषा कळली नाही तरी चालेल, बटणं दिसतात.

स्पाय शॉटवर, म्हणजे लाँचआधी चोरून काढलेल्या फोटोंवर, मात्र फार वेळ घालवू नका. चाकणच्या रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांची पट्टी गुंडाळलेली गाडी दिसली की आपण मान वळवतोच, फोटो पण काढतो, पण त्यातून एवढंच कळतं की गाडीचं टेस्टिंग चालू आहे. आत सीट कशी आहे ते पट्टी सांगत नाही.

पायरी ३: जुन्या मॉडेलमध्ये टेप घेऊन बसा

ही सगळ्यात कामाची पायरी, आणि सगळ्यात लाज वाटणारी. नवी कॅमरी ज्या प्लॅटफॉर्मवर (खालच्या सांगाड्यावर) आहे त्यावरच जुनी होती आणि व्हीलबेस दोन्हींचा अगदी सारखा, २८२५. वाढलेली लांबी बंपरांमध्ये गेली. म्हणजे मागच्या सीटची जागा मोजायला नवी गाडी लागतच नाही, जुनी शोरूममध्ये उभी असते, तिच्यात बसा. आम्ही शनिवारी दुपारी गेलो, सेल्समन चहा आणायला गेला तेवढ्यात मी शिंप्याची टेप काढली, ताई म्हणाली "बाई गं, ब्लाउज शिवायचाय का गाडीला", पण मोजलं.

काय मोजायचं? पुढची सीट दाजींच्या उंचीला लावून मग मागं बसल्यावर गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांत किती बोटं उरतात ते. मांडी सीटवर पूर्ण टेकते का हवेत राहते. डोकं आणि छत. आणि कोणी बघत नाही ती गोष्ट, सीटची जमिनीपासूनची उंची, कारण म्हातारं माणूस गाडीत बसताना किती खाली जातं आणि उठताना कशाला धरतं त्यावर सगळं आहे. सगळ्या सेडान इथं मार खातात, लक्झरी असो की साधी.

मग तीच टेप घेऊन लक्झरीवाल्यांकडे जा. कागदावर थ्री सिरीजच्या लांब आवृत्तीचा व्हीलबेस २९६१ आहे, सी-क्लासचा २८६५, म्हणजे कॅमरीचा तिघांत सगळ्यात आखूड. पण आत बसल्यावर कॅमरी सी-क्लासपेक्षा ऐसपैस लागते. कारण साधं आहे. या मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूत इंजिन गाडीच्या लांबीत ठेवलेलं असतं, बॉनेट लांब लागतं, आणि ताकद मागच्या चाकांना जाते म्हणून मधून शाफ्टचा बोगदा जातो. कॅमरीत इंजिन आडवं, ताकद पुढंच, त्यामुळे तेवढी जागा माणसांना मिळते. मधल्या माणसाचे पाय कुठं जाणार हे बघायचं असेल तर घरातल्या सगळ्यात बारक्या पोराला मधे बसवा आणि दहा मिनिटं उठू देऊ नका. आमच्या भाच्याने एका जर्मन गाडीत दोन्ही पाय बोगद्याच्या दोन बाजूंना टाकले आणि म्हणाला "मी घोड्यावर बसलोय".

बीएमडब्ल्यूची लांब आवृत्ती मात्र खरंच मागच्या माणसासाठी बनवलीय, साध्या थ्री सिरीजपेक्षा व्हीलबेस ११० मिमी जास्त आणि तो सगळा मागं दिलाय. टेपनेच कळलं, जाहिरातीने नाही.

बूट, म्हणजे डिकी, पण उघडा. लिटरचा आकडा लिहिताना सुपर्बचा ६२५ बघून सगळेच हबकतात, पण काही जर्मन गाड्यांत इथं स्पेअर चाक बूटच्या मधोमध ठेवलेलं असतं आणि मग ४५० लिटरमध्ये दोन बॅगा पण नीट बसत नाहीत. घरून एक मोठी बॅग घेऊनच जा. वेडे म्हणतील, म्हणू द्या.

हे झालं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये या. पझल पार्किंग, म्हणजे गाड्या यंत्राने वर-खाली सरकवणारं, असेल तर गाडी ठेवायच्या पॅलेटवर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ४९२० ची गाडी म्हणजे जवळजवळ पाच मीटर. आमच्याकडे ती बसते, पण पुढं-मागं एकेक वीत सोडून.

पायरी ४: किमतीचा अंदाज बांधायचा तर एकच प्रश्न विचारा

गाडी इथं जोडली जाणार का तयार होऊन बोटीतून येणार? बाकी सगळं मागाहून. सुट्या भागांतून इथं जोडलेली ती सीकेडी, आख्खी आयात ती सीबीयू, आणि दोन्हींच्या ड्युटीत जमीन-अस्मानाचा फरक. सुपर्बचंच घ्या, पूर्वी आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जायची, २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा वरच्या मॉडेलची किंमत ३७ लाखांच्या आसपास होती. एप्रिल २०२४ मध्ये तीच पिढी सीबीयू होऊन परत आली, ५४ लाखांना, आणि त्या पण फक्त १०० गाड्या. इंजिन तेच दोन लिटरचं, बोटीचा प्रवास तेवढा वाढला.

कॅमरी कर्नाटकात बिडदीला जोडतात, सी-क्लास आपल्या चाकणला, थ्री सिरीज चेन्नईजवळ, ए-फोर शेंद्र्याला. म्हणून आम्ही कागदावर लिहिलं, जुनी कॅमरी ४६ लाखांच्या थोडी वर, इथंच जोडणार, प्लॅटफॉर्म तोच, म्हणजे नवी ४८ ते ५०. आली ४८ ला. यात काही ज्योतिष नाही, जुन्या किमतीवर दोन-चार लाख ठेवायचे.

पायरी ५: एक्स-शोरूम (टॅक्स-विम्याआधीची किंमत) विसरा, कागदावर पाच वर्षं मांडा

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ४८ लाखांवर सव्वासहा लाखांच्या घरात. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणजे साडेनऊच्या वर. दाजींचा सीए म्हणत होता फर्मच्या नावावर घ्या, मग हा सव्वातीन लाखांचा फरक समोर ठेवून दोघांनी परत हिशोब केला. आणि १ टक्का टीसीएस, म्हणजे गाडी घेतानाच आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, भरायला लागतो तो रिटर्नमध्ये परत मिळतो, तो खर्चात धरू नका.

आता घेणाऱ्यांनी जीएसटीचा बदल पण धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के झाला, सेस गेला. आधी अशा हायब्रिड सेडानवर सगळं मिळून ४३ लागायचा आणि मोठ्या इंजिनच्या पेट्रोल सेडानवर ४८. म्हणजे कॅमरी साधारण लाखभराने उतरली पण बिनहायब्रिड गाड्यांना फायदा त्याहून मोठा झाला, दोन्हींतली दरी थोडी बुजली. जुने यूट्यूब व्हिडिओ बघून तुलना करत असाल तर तिथले भाव आता धरू नका.

मग पेट्रोल. कॅमरीचा कंपनीचा आकडा लिटरला २५.४९ किमी, थ्री सिरीज लाँगचा १५.३९. खरं एवढं कोणालाच मिळत नाही, म्हणून आम्ही १८ आणि ११ धरलं. वर्षाला १५,००० किमी, पेट्रोल १०४ रुपये, फरक ५३० लिटरचा, म्हणजे वर्षाला ५५ हजारांच्या आसपास. पाच वर्षांत पावणेतीन लाख. सत्तर लाखांच्या गाडीपुढे हा आकडा काही छाती दडपणारा नाही. ज्यांना मायलेजमुळे कॅमरी घ्यायचीय त्यांनी हे गणित एकदा करून बघावं, कारण खरा फरक खरेदीच्या किमतीत आहे, पेट्रोलमध्ये नाही.

सर्व्हिससाठी एकच करा, घरापासून सगळ्यात जवळचं वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे ते मॅपवर मोजा. पुण्यात राहणाऱ्याला काही वाटणार नाही, सोलापूर-लातूर-नांदेडच्या माणसाने हा आकडा पहिल्या ओळीत लिहावा.

पायरी ६: प्रतिस्पर्धी चालवून घ्या, आणि घाटात चालवा

येणारी गाडी मिळत नाही पण तिचे प्रतिस्पर्धी मिळतात, आणि जुन्या मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह पण मिळते. शोरूमच्या मागच्या गल्लीत चक्कर मारून काही कळत नाही, अर्धा तास मागा आणि चढावर न्या. हायब्रिडमध्ये पाय जोरात दाबला की इंजिनचा आवाज आधी चढतो आणि वेग सावकाश मागनं येतो, सवय नसेल तर वाटतं क्लच घसरतोय. सिग्नलला मात्र ती एवढी गप्प असते की अण्णांनी दोनदा विचारलं, बंद पडली का? थ्री सिरीज वळणावर स्टिअरिंग फिरवायच्या आधीच वळते म्हणा ना, दाजी उतरले तेव्हा वीस वर्षांनी लहान दिसत होते. चालवायची हौस असेल तर तिथं कॅमरी जवळपास पण येत नाही, हे लिहिताना मला काही संकोच नाही. मग दाजींना मागं बसवलं आणि मी चालवली, तेव्हा त्यांचं वय परत जागेवर आलं.

पायरी ७: लोगोचं बोलून टाका

हे कोणी लिहीत नाही पण प्रत्येक घरात होतं. दाजींच्या दुबईतल्या चुलतभावाला फोटो पाठवला तर त्याचा उलट मेसेज, "अरे ही तर आमच्याकडे टॅक्सी आहे." खरं आहे, दुबईत कॅमरी हायब्रिड टॅक्सी म्हणून फिरतात. दाजी दोन दिवस गप्प. "पंचावन्न लाख घालायचे आणि भाऊ म्हणणार टॅक्सी घेतली?" मी म्हटलं, दाजी, टॅक्सीवाला गाडी का निवडतो ते तुम्ही वर्कशॉपवाले असून मी सांगू? पण मान हवा असेल तर मान पण एक फीचर आहे, त्याचे पैसे मोजायची तयारी असेल तर बिनधास्त मोजा, फक्त "सेफ्टीसाठी घेतली" असं नातेवाइकांना सांगू नका.

पायरी ८: बुकिंगचे पैसे

लाँचआधी टोकन देऊ नका, द्यायचंच असेल तर रिफंड कधी आणि कसा ते ईमेलवर घ्या. आम्ही दुसऱ्याच एका गाडीसाठी एका डीलरकडे तोंडी बोलण्यावर टोकन भरलं होतं, ते परत मिळायला अडीच महिने आणि सतरा फोन लागले. "सर, अकाउंटला टाकलंय" हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

शेवटी दाजींनी कॅमरीच घेतली. मागची सीट झुकवून ताई वाईपर्यंत झोपून जाते, पोरं खूश, ड्रायव्हर खूश. अण्णा मात्र अजून दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसतात आणि दर वेळी तेच म्हणतात, "शेजारच्या पाटलांच्या इनोव्हात बरं बसता येतं."